वाजवणारा कुठल्या दाराने आत गेला?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रत्नागिरीजवळच्या एका हॉलवर मोठं लग्न होतं. हॉलचं नाव सांगत नाही, सगळे हॉल सारखेच. आमच्या बेंजो पार्टीला सुपारी होती. मी साइड ड्रम वाजवतो. एरवी धक्क्यावर गोणी उचलायच्या आणि लग्नसराईत रात्री ड्रम गळ्यात अडकवायचा, हे माझं चार वर्षं चाललंय.

तीन तास वरात नाचवली. नवऱ्याचे मामा नाचले, आत्या नाचल्या, फटाके फुटले. वरात हॉलच्या दारातून आत गेली तशी एक कोटवाला आडवा आला. म्हणाला, "वाजपवाल्यांनी मागून यायचं. जनरेटरजवळ जेवण ठेवलंय."

आम्ही बारा जण. त्यातले नऊ बौद्धवाडीतले. जनरेटरच्या धुरात उकिडवं बसून डाळभात जेवलो. कोणी काही बोललं नाही. मीपण नाही. विद्रोहाच्या कविता लिहिणारा मी, तोंडात घास भरून गप्प बसलो. ही शरम आधी लिहून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते त्या घासामुळंच लिहितोय.

त्या रात्री झोप लागेना. मोबाइलवर बिली हॉलिडे लावली. काळ्यांच्या संगीताचा नाद मला दोन-तीन वर्षांपूर्वी लागला. आपल्यातल्याच एका मित्राने सांगितलं, की ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली आपल्या माणसांनी दलित पँथर काढली, तर त्या काळ्यांची गाणीही ऐकायला नकोत का? तेव्हापासून ऐकतोय. आधी नुसतं ऐकत होतो. मग तबकडीमागची माणसं शोधायला लागलो. शोधता शोधता त्या रात्री जे वाचलं ते असं.

१९३८ साल. आर्टी शॉ नावाच्या गोऱ्या बँडवाल्याने बिलीला आपल्या बँडात गायला घेतलं. गोऱ्यांच्या बँडात काळी गायिका, त्या काळात मोठं धाडस. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात कार्यक्रम चालू होता. रोज रात्री लोक तिच्या आवाजावर जीव टाकत होते. आणि तिला सांगण्यात आलं, की तू पाहुण्यांच्या लिफ्टने जायचं नाहीस. तू सामानाच्या लिफ्टने जा.

हॉटेलचं नाव काय होतं माहितंय? लिंकन.

ज्याने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला त्याचं नाव दारावर, आणि काळीला सामानाची लिफ्ट. दोस्तहो, मी सामान उचलणारा माणूस आहे. सामान म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. सामानाला नाव नसतं, मार्का असतो. सामानाला दार नसतं, शटर असतं. बिलीने तो बँड सोडला. आम्ही मात्र डाळभात खाऊन परत वाजवायला उभे राहिलो.

*

पांढरपेशांच्या मासिकांत या संगीतावर अधूनमधून लेख येतात. अहाहा, काय तो सुवर्णकाळ, काय ते ट्रम्पेट! तबकडी कशी फिरली ते सगळे लिहितात. तबकडीवर नाव कुणाचं आलं, पैसा कुणाच्या खिशात गेला, वाजवणारा कुठल्या दाराने आत शिरला, हे कोण लिहिणार? ते आपण लिहू.

स्विंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साधारण १९३५ ते १९४५ ही त्याची ऐन भराची वर्षं. बारा-पंधरा माणसांचा बँड. एका बाजूला पितळी वाद्यं, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेट-सॅक्सोफोन. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची. खाली मोठ्या बासचा चार मात्रांचा सलग चालता ठेका. आमच्याकडं जड बोजा हलवताना एक जण ओरडतो आणि बाकीचे एकदम जोर करतात, तीच रीत. कापसाच्या मळ्यात, रेल्वेच्या रुळांवर काळे लोक असंच हाक-ओ करत राबायचे. तीच हाक बॉलरूममध्ये कोट घालून उभी राहिली, एवढंच.

तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्या तीन मिनिटांवर लेबल एवढंसं, आणि त्यावर नाव बँडच्या मालकाचं.

आणि ती तबकडी बनायची कशाची? लाखेची. आपल्या इकडच्या लाखेची. छोटा नागपूरच्या जंगलात, आजच्या झारखंडात, आदिवासी बायाबापे पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून किड्याची लाख खरवडायचे. ती कलकत्त्याच्या गोदीतून जहाजात चढायची आणि तिकडं तिच्या तबकड्या व्हायच्या. महायुद्धात ही वाट अडली तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारला तबकड्यांच्या लाखेवर कपात लावावी लागली. म्हणजे वाजवणारा काळा, लाख आदिवासीची, ती जहाजात चढवणारा आमच्यासारखा हमाल, आणि लेबलवर यांच्यातला एकही नाही. जगभरच्या मजुरांची एकी वगैरे आपण भाषणात म्हणतो. ती एकी त्या तबकडीत आधीच कालवलेली होती. फक्त नाव तिसऱ्याचंच होतं.

आता माणसं पाहा.

फ्लेचर हेंडरसन. काळा. १९२० साली अटलांटा विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून न्यूयॉर्कला आला. केमिस्ट व्हायचं होतं. काळ्याला प्रयोगशाळेत कोण घेणार? पियानो येत होता म्हणून पियानोवर बसला. आपल्याकडं ग्रॅज्युएट होऊन नाक्यावर उभी राहणारी पोरं मला पाठ आहेत, म्हणून हा माणूस मला शेजारचा वाटतो. या हेंडरसनने बँड बांधला आणि पितळ विरुद्ध सॅक्सोफोन अशी हाक-ओ कागदावर कशी लिहायची याचं तंत्र बसवलं. पुढं पैशाची ओढाताण झाली आणि १९३४ साली तेच कागद त्याने बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवाल्याला विकायला सुरुवात केली. २१ ऑगस्ट १९३५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गुडमनने ते वाजवलं आणि पोरापोरींनी हॉल डोक्यावर घेतला. पुस्तकांत त्या दिवसाला स्विंगयुगाचा जन्म म्हणतात. वा रे जन्म! ड्यूक एलिंग्टनने स्विंग हा शब्द गाण्याच्या नावात घालून १९३२ सालीच तबकडी काढली होती. पोरगं काळ्यांच्या वस्तीत कधीच चालायला लागलं होतं. गोऱ्यांच्या अंगणात आलं त्या दिवशी त्याची जन्मनोंद झाली.

गुडमनला शिव्या घालण्यासाठी मी लिहीत नाही. तोही शिकागोतल्या एका गरीब ज्यू शिंप्याचा पोरगा. त्याने हेंडरसनचं ऋण लपवलं नाही. १९३६ साली टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्पटन या काळ्या वादकांना त्याने आपल्याबरोबर जाहीर कार्यक्रमांत उभं केलं. १६ जानेवारी १९३८ ला कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या मंचावर काळे-गोरे एकत्र वाजवत होते. माणूस बरा होता. पण व्यवस्था अशी होती की बऱ्या माणसाच्या हातूनही नफा गोऱ्याच्याच खिशात जायचा. आपण हे नीट समजून घेतलं पाहिजे. बरा सवर्ण भेटला म्हणून जात गेली, असं होत नाही.

एडगर सॅम्पसन. चिक वेबच्या बँडात वाजवायचा. त्याने सॅव्हॉय बॉलरूमच्या नावाने एक धून बांधली. सॅव्हॉय म्हणजे हार्लेममधला नाचाचा हॉल, १९२६ साली उघडलेला, जिथं काळे-गोरे एकाच फळीवर नाचायचे. वेबच्या बँडने १९३४ साली ती तबकडी काढली. १९३६ साली गुडमनने तीच वाजवली आणि ती सगळीकडं गाजली. धून बांधली सॅम्पसनने. पण संगीतकार म्हणून नावं छापली गेली तीन : गुडमन, वेब आणि सॅम्पसन. यात गोऱ्या मालकाबरोबर काळा मालकही आहे, हे नजरेतून सुटू देऊ नका. त्याकडं मी नंतर येणार आहे.

पण चिक वेबबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. लहानपणी पाठीच्या कण्याचा क्षय झाला. उंची खुंटली, पाठीला कुबड. ड्रमच्या मागं बसला की धड दिसायचा नाही. त्या माणसाने ११ मे १९३७ ला सॅव्हॉयमध्ये गुडमनच्या बँडशी सामना घेतला. हजारो लोक लोटले. आणि वेबच्या बँडने गुडमनला चारी मुंड्या चीत केलं. पुढं दोनच वर्षांनी, १९३९ साली, हा ड्रमवाला वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. मी ड्रम वाजवतो. गोणी उचलून पाठ धरते तेव्हा मला तो आठवतो.

काउंट बेसीचं ऐका. १९३६ साली डेक्का कंपनीने त्याच्याशी करार केला. चोवीस बाजू भरायच्या, एकूण ७५० डॉलर, आणि रॉयल्टी शून्य. त्यातली धून जगभर वाजो, पाच लाख खपो, दमडी मिळायची नाही. आमच्या भाषेत याला उक्तं काम म्हणतात. मुकादम बोट जहाजाकडं करतो, आकडा सांगतो, आपण मान डोलावतो. मान डोलावली की खेळ खलास.

मग वादकांनी काय केलं? संप केला. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद पाडलं. म्हणणं सरळ होतं. आमचीच तबकडी हॉटेलात वाजते आणि तिच्यामुळं आमचंच काम जातं, तर तबकडीमागं काही पैसा वादकांच्या फंडात टाका. डेक्का १९४३ साली वाकली. मोठ्या दोन कंपन्या, व्हिक्टर आणि कोलंबिया, १९४४ च्या नोव्हेंबरात वाकल्या. दोन वर्षांवर संप चालला, पण जिंकला.

हे वाचून मी धक्क्यावर एकटाच हसलो. मग पुढचं वाचलं आणि हसू विरलं. ही जी लढाऊ युनियन, तिच्यात कित्येक शहरांत काळ्यांची शाखा वेगळी होती. लॉस एंजेलिसमध्ये गोऱ्यांची ४७ नंबरची, काळ्यांची ७६७ नंबरची. दोन्ही एक व्हायला १९५३ साल उजाडलं. आपल्याला यात नवल ते काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि आपल्या थुंकीचा विटाळ. तिथंही लाल बावट्याचे कामगारच होते. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेब म्हणाले, की कामगारांचे शत्रू दोन : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हा हिशेब लॉस एंजेलिसलाही लागू पडतो.

*

१९३५ साल पुन्हा काढतो, कारण त्या एका वर्षात सगळं आहे.

तिकडं पॅलोमारमध्ये स्विंगची जन्मनोंद झाली. त्याच वर्षी लिऑन ॲबी नावाचा काळा व्हायोलिनवाला आपला काळ्यांचा बँड घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे वादक आले. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ साली मुंबईत ताजमहालच्याच नावाची एक नाचाची धून तबकडीवर भरली. ती बांधली होती मेना सायलस याने. स्वदेशात ज्यांना मागचं दार, ते इथं साहेब आणि संस्थानिकांना नाचवत होते. टेडी वेदरफर्ड तर परत गेलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने मेला.

आणि त्याच १९३५ सालात गुजरातेत कविठा गावी अस्पृश्यांनी पोरं शाळेत घातली म्हणून सवर्णांनी त्यांना मारलं, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही.

ताजच्या बॉलरूममध्ये काळा माणूस टाळ्या घेत होता आणि त्याच मुलखात आपल्याला पाणी, शाळा, देऊळ बंद होतं. हे कसं जमलं? सोपं आहे. परदेशी काळ्याला रंग होता, जात नव्हती. त्याच्याशी सोयरिक करायची नव्हती, त्याला विहीर द्यायची नव्हती. त्याचं नाचगाणं घ्यायचं आणि जहाजात बसवून द्यायचं. आजही तसंच आहे. इथला उच्चभ्रू माणूस अमेरिकेतल्या काळ्यासाठी मेणबत्ती लावतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं तेव्हा ही मेणबत्ती कुठं होती? बिलीने २० एप्रिल १९३९ ला झाडाला टांगलेल्या काळ्यांवरचं गाणं रेकॉर्ड केलं. तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, नको म्हटलं, म्हणून एका छोट्या कंपनीकडं, कमोडोरकडं, जावं लागलं. ते शब्द एबल मीरोपोल नावाच्या ज्यू मास्तराचे. फासावर लटकवलेल्यांचा फोटो बघून त्याला झोप लागली नव्हती. खैरलांजीचं गाणं बाजारातल्या कुठल्या कंपनीने काढलं, सांगा बरं? आपलं आपणच गायलो, चौकात.

*

ताजमधले काळे गेले, पण ठेका राहिला. तो उचलला गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज अमलातल्या गावागावांत चर्चच्या शाळेत पोरांना स्वर वाचायला शिकवायचे. ती पोरं पोटासाठी मुंबईला यायची, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावाच्या सामाईक खोल्यांत राहायची. आपल्या कोकणातल्या गावमंडळांच्या खोल्या असतात तशाच. पथारीला पथारी लावून झोपायचं, संध्याकाळी काळा सूट चढवायचा आणि हॉटेलात जाऊन साहेबांना नाचवायचं. स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, नाचाचे हॉल ओस पडत गेले. मग ही पोरं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला लागली.

त्यांतला एक हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, मृत्यू १९६७. ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. बँडमधलं नाव चिक चॉकलेट. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आपले चितळकर, यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तली जी धमाल आहे तिच्यात हा माणूस आहे. भगवानदादा नाचतात, मागं त्याचा बँड पडद्यावर उभा आहे. भगवानदादा गिरणी कामगाराचे पोर. आपल्या वस्तीतला कुठला गणपती, कुठली हळद त्या नाचाशिवाय झालीय? दोन पिढ्या आपण तो नाच नाचलो. मागचा ट्रम्पेटवाला कोण, कुणी विचारलं? मीही विचारलं नव्हतं. १९५७ च्या 'आशा'तल्या ईना मीना डीकाबद्दल सांगतात, की गाणं बसवताना एका गोवेकर वादकाने गमतीने नको या अर्थाचे दोन कोकणी शब्द टाकले आणि ते तसेच राहिले. सारा देश ते शब्द म्हणतो. कुणाचे आहेत ते माहीत नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७. व्हायोलिनवाले, अरेंजर, म्हणजे साध्या चालीतून साठ वादकांचं संगीत लिहून उभं करणारे. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून आपले राग आणि तिकडची सिंफनी एकत्र आणली. त्यांचं नाव देशभर कधी पोचलं? १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते गाण्यात घातलं, म्हणून. लोकांना वाटलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या त्या विनोदी पात्राचं नाव. जिवंत माणूस, त्याचं नाव देशाच्या तोंडात, आणि तो माणूस आहे हेच कुणाला ठाऊक नाही. २०१२ साली ते गेले. त्याच वर्षी नरेश फर्नांडिस यांचं या वादकांवरचं पुस्तक आलं, मेना सायलसच्या त्या धुनेचंच नाव घेऊन. २०१२ सालीच कायदा बदलून सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. चांगलं झालं. पण जो अरेंजर रात्रभर जागून कागद काळे करायचा, तो त्या यादीत बसत नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. गोव्याचे वादक म्हणजे दलित, असं मी म्हणत नाही. तिकडच्या ख्रिश्चनांतही बामण, चार्डो, सुदीर आहेतच, चर्चमध्येही जात शिरलीच. मी म्हणतोय ते एवढंच, की कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हा धंदा ज्यांनी सोसला ते आपल्या भाषेत बोलतात.

*

आता घरचं.

आमच्या गावात खालूबाजा आमच्याकडं होता. ढोल, टिमकी, सनई, झांज. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघाली की पुढं आमची माणसं वाजवणार. वाजवणार म्हणजे वाजवावंच लागणार. पालखीला शिवायचं नाही, सहाणेवर चढायचं नाही, लांबून वाजवायचं आणि पदरात पडेल ते घ्यायचं. आमच्या आज्याचा ढोल पंचक्रोशीत नावाजलेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं. पुढच्या शिमग्याला मानकरी बोलवायला आले तेव्हा आजा म्हणाला, आम्ही आता वाजवत नाही. वाडीवर बहिष्कार पडला. दुकान बंद, मजुरी बंद, गुरांची वाट बंद. आज्याने ढोलाचं कातडं स्वतः फाडलं. तो परत कधी ढोलाला शिवला नाही. मरेपर्यंत बोटं मात्र मांडीवर चालायची, असं बापूस सांगतो.

म्हणून मी बेंजो पार्टीत गेलो तेव्हा बापूस पेटला. म्हणाला, "आज्याने ढोल उतरवला तेव्हा तुझ्या पाठीवर दप्तर आलं. आणि तू परत गळ्यात अडकवतोस?"

हा प्रश्न एकट्या माझ्या बापसाचा नाही, चळवळीचा आहे. आपल्यातले कितीतरी जुने लोक म्हणतात, वाजवणं सोडलं म्हणून आपण माणसं झालो. त्यांचं खरं आहे. ज्यांनी बहिष्कार सोसून ढोल फोडला त्यांच्यापुढं मी मान खाली घालतो.

पण माझं म्हणणं ऐका. आज्याने काय फोडलं? संगीत फोडलं का? नाही. त्याने वेठ फोडली. वाद्य आणि वेठ या दोन गोष्टी शेकडो वर्षं एकाच पट्ट्याने आपल्या गळ्यात बांधल्या होत्या. पट्टा तोडताना दोन्ही खाली पडल्या. वेठ पडली ते बरं झालं. वाद्य उचलायला हवं होतं. कितीकांनी उचललंही. आंबेडकरी जलसेवाल्यांनी तमाशाची तीच ढोलकी घेतली आणि गण-गवळण बाजूला सारून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांनी उभं आयुष्य त्यात घातलं. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ज्या माणसाने देशाची घटना लिहिली त्याला हातात वाद्य धरायला लाज वाटली नाही. कारण त्यांना कुणी वाजवायला लावलं नव्हतं.

काळ्यांनीही तेच केलं. गुलामीत त्यांना मालकापुढं नाचावं-वाजवावं लागायचं. त्यांनी वाद्य टाकलं नाही. मालकालाच आपल्या ठेक्यावर नाचवलं. पण पुरतं जिंकले का? नाही. ठेका जिंकला, नाव हरलं. म्हणून आपण त्यांच्यापुढं एक पाऊल टाकायचं. वाद्य परत घ्यायचं आणि त्याबरोबर नाव, दर आणि दार घ्यायचं.

आणि आता जे लिहितो ते आपल्याच काहींना झोंबेल. झोंबू दे. १४ एप्रिलला आपल्या वस्तीत फ्लेक्स लागतो. त्यावर नगरसेवक, भावी नगरसेवक, त्यांची पोरं, पोरांचे मित्र, पन्नास तोंडं. खाली भीमगीतांचा कार्यक्रम, गायकाचं नाव मोठ्या टायपात. ढोलकीवाला? बेंजोवाला? कोरसच्या पोरी? एक नाव नाही. रात्री दोनला कार्यक्रम संपतो आणि ढोलकीवाला पैशासाठी अध्यक्षाला शोधत हिंडतो. अध्यक्ष म्हणतो, "समाजाचं काम आहे भाऊ, पैसे कसले मागतोस?" साला, फ्लेक्सवाल्याला, मांडववाल्याला रोख मिळतात. समाजाचं काम वाजवणाऱ्याच्याच कपाळी का? आज्याला देवाचं काम म्हणून फुकट वाजवायला लावलं, आम्हाला समाजाचं काम म्हणून लावता. सॅम्पसनच्या धुनेवर काळ्या मालकाचंही नाव चढलं होतं, ते नंतर येतो म्हणालो होतो. ते हे.

म्हणून आमच्या पार्टीतल्या पोरांनी बसून तीन गोष्टी ठरवल्यात. इतर पार्ट्यांनी, भीमगीतांच्या मंडळांनी यावर विचार करावा.

एक. दर आधी ठरणार, कागदावर ठरणार, निम्मे पैसे सुपारी घेतानाच. जयंती असो की लग्न.

दोन. ज्या दाराने वरात आत जाईल त्या दाराने आम्ही जाणार. ज्या पंगतीत पाहुणे बसतील त्या पंगतीत बसणार. नाहीतर घरून डबा आणू, पण जनरेटरजवळ बसणार नाही.

तीन. फ्लेक्सवर, मोबाइलवर टाकलेल्या व्हिडिओखाली वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव येणार, ढोलकीपासून झांजेपर्यंत.

आणि पालखीपुढं मान म्हणून, हक्क म्हणून, रूढी म्हणून कोणी बोलावलं तर उत्तर आज्याचंच. तिथं दरही ठरणार नाही.

बिलीची लिफ्टची गोष्ट मी बापसाला सांगितली. त्याला इंग्रजी गाणं कळत नाही. पण त्याने सगळं ऐकून घेतलं. ती बँड सोडून गेली म्हटल्यावर त्याने मान हलवली. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग तू जनरेटरजवळ का जेवलास?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख हेच माझं उत्तर आहे, उशिरा दिलेलं.

या हंगामात तीन सुपाऱ्या आल्या. अटी सांगितल्यावर दोघांनी दुसरी पार्टी बघितली. एक जण कबूल झाला. पैशाचं नुकसान झालं, ते गोण्या उचलून भरून काढतोय. जे दोन गेले त्यांच्याकडं वाजवायला दुसऱ्या वाडीतली पोरं गेली असतील, आपलीच. म्हणून हा लेख या अंकात देतोय. एकट्या पार्टीने दार उघडत नाही. सगळ्यांनी मिळून एकदा ड्रम खाली ठेवले, तरच वरातीला कळेल की ती कुणाच्या पायांवर चालते.

जयभीम.